गावासाठी बाजारभाव आणि हवामानाच्या सूचना: एक्स, मॅस्टोडॉन की ब्लूस्काय?

कपाशीचं_शिवार (समुद्रपूर, जि. वर्धा)
रामराम मंडळी. आमच्या शेतकरी गटाला रोज संध्याकाळी हिंगणघाट बाजार समितीतले कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव आणि पावसाळ्यात विजेचे इशारे लोकांपर्यंत पोचवायचे आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या गर्दीत भाव वाहून जातो. अर्ध्या गावात रेंजची एकच काडी असते आणि बहुतेकांना नवीन खातं उघडायचं नाही. एक्स (पूर्वीचं ट्विटर) की त्याच्यासारखेच छोट्या पोस्टचे मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, काय घ्यावं? ट्विटरसारखं भारतीय ॲप कू २०२४ मध्ये बंद पडलं, तसं याचंही होईल ही धास्ती आहेच.

संत्रापट्टा_वरूड
भाऊ, खातं न उघडता वाचता यावं ही तुमची खरी अट, आणि तिथंच एक्स मागं पडतं. लॉगिन न करता प्रोफाइल उघडलं तर ताज्या पोस्ट क्रमानं दिसत नाहीत, जुन्या गाजलेल्या वर येतात. भावासाठी ते बिनकामाचं. मॅस्टोडॉनवर लिंक दाबली की आजची पोस्ट वर दिसते. ब्लूस्कायवरही तसंच.

दोन्हींत मी मॅस्टोडॉन घेईन. पोस्टला साधारण ५०० अक्षरांची जागा मिळते आणि चूक झाली तर फुकटात दुरुस्ती करता येते. आधी काय लिहिलं होतं तेही वाचणाऱ्याला पाहता येतं, म्हणजे भाव गुपचूप बदलला असा संशय राहत नाही. एक्सवर दुरुस्तीची सोय पैसे भरणाऱ्यालाच आहे.

बंद पडण्याचं म्हणाल तर मॅस्टोडॉन म्हणजे एक कंपनी नव्हे, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर (खाती आणि पोस्ट ठेवणारे संगणक) एकमेकांना जोडलेले असतात. अधिकृत यादीतल्या सर्व्हरनं बंद करण्याआधी किमान ३ महिने कळवायचं असा करार आहे. तेवढ्यात दुसऱ्या सर्व्हरवर खातं हलवता येतं, फॉलोअर सोबत येतात. पोस्ट मात्र येत नाहीत! म्हणून सेटिंग्जमधून अर्काइव्ह (पोस्टची प्रत) काढत जा आणि भाव वहीत किंवा शीटमध्येही ठेवा.

वऱ्हाडी_टंकलेखक (अकोट)
अक्षरमोजणीकडे लक्ष द्या. ट्विटरची १४० ची मर्यादा एसएमएसच्या १६० वरून आली होती, नावासाठी २० सोडून. २०१७ मध्ये ती २८० झाली. पण एक्स काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजतं. ‘सोयाबीन’ तिथं ७ होतं. ब्लूस्कायवर ३०० ची मर्यादा असली तरी तेच ४ मोजलं जातं, म्हणून मराठी मजकूर तिथं जास्त मावतो.

भावाच्या फळ्याचा फोटो टाकू नका. फोटो दोन-चार एमबीचा, आणि एका काडीवर तो गोल फिरतच राहतो. देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे २५० चिन्हांचा मजकूर पाऊण केबीत बसतो. ठरलेला साचा ठेवा: ‘हिंगणघाट, तारीख, वेळ. कापूस: आवक क्विंटल, किमान, कमाल, सर्वसाधारण.’ नुसता कमाल दर लिहिला तर लोक त्याच आशेनं गाडी भरून जातात, म्हणून सर्वसाधारण, म्हणजे बहुतेक माल ज्या दरानं जातो तो दर लिहायलाच हवा. हॅशटॅगमध्ये जागा सोडली की तो तिथंच तुटतो, #कापूस_हिंगणघाट असा जोडून लिहा.

मृगनक्षत्र
तारीख आणि वेळ मजकुरातच टाका, हे मी दहादा सांगेन. एक्सच्या ‘तुमच्यासाठी’ पानावर पोस्ट वेळेनुसार लागत नाहीत. कालचा विजेचा इशारा आज वर येतो आणि आजचा खाली राहतो. मॅस्टोडॉनच्या होमवर क्रम वेळेचाच असतो.

इशाऱ्यात काय करायचं तेही हवं. ‘बोंडअळी आली, सावध राहा’ यानं कुणाचं भलं होत नाही. ‘कामगंध सापळ्यात (नर पतंगांना वासानं ओढणारा सापळा) सलग ३ रात्री दर रात्री ८ किंवा जास्त गुलाबी बोंडअळीचे नर पतंग दिसले तर फवारणीचा विचार करा’ हे वाचून माणूस सापळा बघायला जातो. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी सरकारी दामिनी ॲप ठेवा, तुमची पोस्ट त्याला पूरक असू द्या.

आणि मॅस्टोडॉनची लिंक व्हॉट्सॲप चॅनलवर टाकत जा. चॅनलमध्ये फॉलोअरचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि कुणी मध्ये गुड मॉर्निंग टाकू शकत नाही.

कपाशीचं_शिवार
मग एक्स सोडूनच द्यायचं?

संत्रापट्टा_वरूड
नाही जी. खातं ठेवा, पण ऐकायला आणि तक्रारीला. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र, महावितरण, रेल्वे तिथं आहेत. उघड्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चार लोक पाहतात, म्हणून तिथं तक्रार टाकण्यात अर्थ आहे. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळालं तर गाव, तालुका, उपकेंद्र, किती वाजल्यापासून वीज नाही, एवढं लिहा. १२ अंकी ग्राहक क्रमांक मात्र पोस्टमध्ये नको, अधिकृत खात्याला खासगी मेसेजमध्येच द्या. अशा तक्रारींखाली खोटी ‘हेल्पडेस्क’ खाती येतात, मोबाइल नंबर देऊन फोन करायला सांगतात आणि मग ओटीपी मागतात. त्यांना ब्लॉक करा आणि तुमच्या पोस्टखाली तसं लिहूनही टाका, म्हणजे गावातला दुसरा कुणी फसणार नाही.