"सर्च आहे ना, मग फोल्डर कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी आधी मंडळाचा कॉम्प्युटर उघडून बघावा

रामबाग_प्रेसवाला

काल आपल्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका तरुण सभासदाने लिहिलं: "फोल्डर लावत बसणं म्हणजे वेळ घालवणं. सगळं एका जागी टाका, लागेल तेव्हा सर्च मारा. फोल्डर ही पन्नाशीपुढच्यांची सवय." खाली अंगठ्यांची रांग लागली. याला उत्तर द्यायलाच हवं, कारण यंदाची स्मरणिका नेमकी याच समजुतीपायी अडकून पडली आहे.

मंडळाच्या कॉम्प्युटरवर आजवरच्या सगळ्या कार्यकारिण्यांचा माल आहे. डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरं फायनल'. जुने अंक पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, मजकूर श्री-लिपी या जुन्या मराठी फॉन्टात. आता मारा सर्च. 'होळकर' टाका, एक ओळ हाती लागणार नाही. त्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर होळकर दिसतं, आत भलतीच रोमन चिन्हं असतात. देणगीच्या पावत्या स्कॅन केलेल्या, म्हणजे नुसती चित्रं. त्यात सर्च काय वाचणार?

३१ मे २०२५ ला अहिल्याबाईंची ३०० वी जयंती झाली. त्या कार्यक्रमाचे फोटो आणि भाषणं स्मरणिकेला हवी आहेत. कोणी 'अहिल्या' लिहिलंय, कोणी 'अहल्या', रोमनमध्ये ज्याला जसं सुचलं तसं. एक स्पेलिंग शोधलं की दुसऱ्या स्पेलिंगचा माल गायब. ज्याने फाईल ठेवली त्याला नाव आठवतं, म्हणून त्याला सर्च पुरतो. जो नंतर येतो त्याने कुठलं नाव टाकायचं?

आणखी एक. पेजमेकर काय, त्याच्यानंतरचं इनडिझाइन काय, सहसा फोटो आत घेत नाही, फोटोचा पत्ता लक्षात ठेवतो. "सगळं एका जागी" करायला कोणी फोटो हलवले की लिंक तुटते आणि छापताना चित्र खडबडीत येतं. मागच्या अंकात कार्याध्यक्षांचा चेहरा तसाच छापून आला. लोकांनी प्रेसला नावं ठेवली.

माझं म्हणणं एवढंच: कॉम्प्युटर, गूगल ड्राइव्ह आणि ईमेल, तिन्हीकडे वरची रचना एकच असावी. आधी वर्ष, मग कार्यक्रम, मग काम. एका ठिकाणची वाट कळली की तिन्ही ठिकाणची कळली पाहिजे.

कॉरिडॉरवाला

काल लिहिणारा मीच. आयटी कंपन्या आहेत त्या सुपर कॉरिडॉरवर कामाला आहे, दिवसभर हेच करतो, म्हणून थोडं बोलतो.

काका, फोल्डरात फोल्डर असं तुमचं जे झाड आहे, त्याची अडचण तुम्ही सांगितलीच नाही. गणेशोत्सवाच्या मांडववाल्याची पावती कुठे ठेवायची? 'गणेशोत्सव' मध्ये की 'हिशेब' मध्ये? दोन्हीकडे ठेवली तर दोन प्रती. उद्या एकीवर दुरुस्ती झाली, दुसरी तशीच राहिली. जीमेल २००४ मध्ये आलं तेव्हा त्यांनी फोल्डर दिलेच नाहीत, लेबलं दिली. एका मेलला हवी तेवढी लेबलं. वस्तू एक आणि तिच्याकडे जायच्या वाटा अनेक, हे तुमच्या झाडात बसत नाही.

शिवाय फोल्डरात फोल्डर घालत गेलात की विंडोजवर पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर जातो आणि बरेच प्रोग्राम ती फाईल उघडायलाच नकार देतात. मंडळाच्या जुन्या बॅकअपमध्ये मी स्वतः हे बघितलंय. 'बॅकअप' मध्ये 'जुना बॅकअप', त्यात 'डेस्कटॉप', त्यात परत 'बॅकअप'. हे शिस्तवाल्यांचंच काम आहे, आमचं नाही.

श्री-लिपीचं दुखणं फोल्डरने बरं होत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणा, म्हणजे सगळीकडे एकच चालणाऱ्या अक्षरांत. स्कॅन ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतो.

रामबाग_प्रेसवाला

लेबलांचं कौतुक करताय तर पुढचंही सांगा. गूगल ड्राइव्हमध्ये एक फाईल अनेक फोल्डरांत ठेवता यायची. ३० सप्टेंबर २०२० पासून त्यांनीच ते बंद केलं. एक फाईल, एक जागा, बाकी ठिकाणी शॉर्टकट, म्हणजे नुसती तिच्याकडे नेणारी खूण. म्हणजे फिरून आमच्याच दारात आले.

आणि तीच जीमेलची लेबलं थंडरबर्ड किंवा आउटलुक अशा मेलच्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. तिथे प्रत्येक लेबल फोल्डर होऊन बसतं आणि एकच मेल तीन जागी दिसतो. आमचे माजी चिटणीस जादा समजून पुसायला बसले होते, वेळेवर हात धरला.

कॉरिडॉरवाला

शॉर्टकट दिला ना? मग मांडववाल्याची पावती हिशेबात ठेवा आणि गणेशोत्सवात शॉर्टकट टाका. हे मंडळात कोण करणार आहे? नाव सांगा.

हिशेबवही

मी करते. कारण ऑडिटला मला बोलावतात, तुम्हा दोघांपैकी कोणालाच नाही.

माझ्या नोकरीतलं सांगते. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. सहा वर्षांत ऑफिसातला मुलगा तीनदा बदलतो. नोटीस आली की साहेब "सर्च कर" म्हणत नाहीत, "अमक्या पार्टीची अमक्या वर्षाची फाईल आण" म्हणतात. वर्ष, पार्टी, महिना. डोळे मिटून हात जातो.

पण प्रेसवाले काका, "सगळीकडे एकच रचना" हे मला पटत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर त्याचा तो बनवतो, आत नुसते आकडे. आमच्याकडे एका हौशी मुलाने त्या आकड्यांच्या जागी पार्ट्यांची नावं लिहिली, छान दिसावं म्हणून. सकाळी सॉफ्टवेअर उघडलं तर यादीत एकही कंपनी नाही. मार्च अखेर. त्याच्यावर ओरडायलासुद्धा कोणाला वेळ नव्हता.

आणि वर्ष म्हणजे कुठलं? माझं एप्रिल ते मार्च. स्मरणिकेचं दिवाळी ते दिवाळी. आधी ते ठरवा.

शटर_राजेंद्रनगर

ताईंचं अगदी बरोबर. फोटो लावायच्या लाइटरूम प्रोग्रामचंही तसंच. फोल्डर बाहेरून हलवला की आत त्याच्यावर प्रश्नचिन्ह येतं, हलवायचा तर लाइटरूमच्या आतूनच.

पण माझी तक्रार वेगळी आहे आणि ती कोणी ऐकत नाही. तुम्ही सगळे फोटो व्हॉट्सॲपवर मागता. मी कॅमेऱ्यातून तारीख, वेळ, सगळी नोंद असलेला फोटो देतो. व्हॉट्सॲप तो आवळतो, आतली नोंद काढून टाकतो आणि नाव ठेवतो आयएमजी, पुढे पाठवल्याची तारीख, पुढे डब्ल्यूए आणि नंबर. मे महिन्यातला फोटो कोणी ऑगस्टमध्ये पुढे ढकलला की तो ऑगस्टचा होतो. मग मलाच विचारता, "हा कुठल्या कार्यक्रमाचा?" त्यावर ना फोल्डर चालणार ना सर्च. निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी जाते. हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि प्रत्येक बैठकीनंतर लोक परत फोटोच मागतात.

निवृत्त_बाई

एक विचारू का? मंडळ मराठी, स्मरणिका मराठी, मग फोल्डरांची नावं रोमनमध्ये का? प्रेसवाल्यांनी ग्रुपवर दिलेली फोल्डरांची यादी बघा, सगळी रोमन. 'अहिल्या' चे पाच प्रकार झाले ते रोमनमुळेच. देवनागरीत लिहा, निम्मं भांडण मिटेल.

कॉरिडॉरवाला

बाई, कृपा करून नको. देवनागरी नाव विंडोजवर चालतं, पण फोनमध्ये किंवा लिनक्सवर नावाला २५५ बाइटची (बाइट म्हणजे जागेचं माप) मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे मोजून ८५ चिन्हं, त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. 'अहिल्यादेवी होळकर त्रिशताब्दी जयंती सोहळा स्वागताध्यक्षांचे मनोगत अंतिम दुरुस्त प्रत' असं नाव ठेवायची आपल्याकडे रीत आहे. त्याच्या शेवटी 'खरं फायनल' जोडलं की कॉम्प्युटरवर बसेल, फोनवर कॉपी होताना अडेल. जुन्या झिपमधून काढलं तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. हे सगळं मला निस्तरावं लागतं.

निवृत्त_बाई

मग नाव लहान ठेवा. रोमनमध्ये लांब नाव शोभतं का?

माझ्या सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांच्या टॅबवर मी 'भजनं', 'औषधं', 'लाईट बिल', 'नातवंडं' अशी नावं दिली. रात्री दोन वाजता मामंजींना चक्कर आली तेव्हा त्यांनी स्वतः 'औषधं' उघडून डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली. मी पुण्यात होते. रोमन नाव असतं तर त्या कोणाला उठवायला गेल्या असत्या?

पुणे_टू_इंदूर

देवनागरीत लिहायचं तर शुद्ध लिहायची तयारी ठेवा. 'अहल्या' हे मूळ रूप. इथे मराठी म्हणजे हिंदीला क्रियापद लावलेली, त्यात फाईलींची नावं काय शुद्ध येणार?

निवृत्त_बाई

आमच्या विद्यापीठाच्या पाटीवर 'देवी अहिल्या' आहे आणि विमानतळावरही. आम्ही तेच लिहिणार. इंदूरची मराठी होळकरांच्या काळापासूनची आहे, तिला पुण्याची सही नको.

कॉरिडॉरवाला

दोघंही थांबा. शुद्ध लिहूनसुद्धा सर्च चुकतो, हे कोणी लक्षातच घेत नाही. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या', डोळ्याला दोन्ही सारखे. एकात खाली टिंब (नुक्ता) असलेला ऱ आहे, दुसऱ्यात साधा र आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. 'ॲप' आणि 'अॅप' तसंच. ते स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीचे कीबोर्ड अ वर चंद्र ठेवायचे. फोनवरून लिहिलेलं एक, कॉम्प्युटरवरून लिहिलेलं दुसरं. साध्या सर्चला ते वेगळे शब्द आहेत.

रामबाग_प्रेसवाला

परत वाचा, आत्ता काय लिहिलंत ते. सर्च चुकतो, असं तुम्हीच म्हणालात. मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?

कॉरिडॉरवाला

मी रोमन नावांच्या बाजूने बोलत होतो, फोल्डरांच्या नाही. शब्द फिरवू नका.

रामबाग_प्रेसवाला

फिरवत नाही. चाळीस-पन्नास माणसं फाईली ठेवणार, प्रत्येकाचा फोन वेगळा, कीबोर्ड वेगळा, स्पेलिंग वेगळं. तिथे नावावर विसंबून चालणार नाही, जागेवर विसंबावं लागेल. मला फोल्डरांचा सोस नाही. मला २०३५ मध्ये स्मरणिका काढणाऱ्या माणसाची काळजी आहे. त्याने कोणाला फोन करायचा? आपण सगळे असू का फोन उचलायला?

कॉरिडॉरवाला

बरं. तुमच्या पेजमेकरच्या कबाडापुरतं मान्य. जिथे सर्चला आतलं वाचताच येत नाही तिथे फोल्डर लागतील. बाकी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी जसं ठेवतो तसंच ठेवणार, आणि 'पन्नाशीपुढच्यांची सवय' हे मागे घेत नाही.

हिशेबवही

नका घेऊ. रविवारी मंडळात फाईली लावायला येताय की नाही, तेवढं सांगा. मी आज बसून काढलंय ते असं: वरच्या थरात आर्थिक वर्ष, कारण देणगी आणि ऑडिट त्यावर चालतं. स्मरणिकेचा वर्षाबाहेर स्वतंत्र फोल्डर, त्यात अंकाप्रमाणे. फाईलच्या नावात तारीख पुढे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. पावती मूळ जागी हिशेबात, कार्यक्रमात फक्त शॉर्टकट. ईमेलला हीच लेबलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डराला कोणीही हात लावायचा नाही, प्रेसवाले काकांनीसुद्धा.

रामबाग_प्रेसवाला

स्मरणिका बाहेर काढलीत ते चाललं. पण अंकाचे फोटो आणि मजकूर एकाच फोल्डरात राहू द्या, वेगळे करू नका. लिंक तुटल्या की शिव्या मला पडतात.

शटर_राजेंद्रनगर

मूळ फोटो मी पेन ड्राइव्हमध्ये आणतो. व्हॉट्सॲपवर मागितले तर देणार नाही.

निवृत्त_बाई

आणि नावं?

कॉरिडॉरवाला

वरचे दोन थर रोमन, आतल्या फाईली देवनागरीत, तीस अक्षरांच्या आत. याच्या पुढे मी सरकत नाही.

निवृत्त_बाई

उलटं करा. फोल्डर उघडायला माणूस आधी वरचाच थर वाचतो. तो देवनागरीत हवा, आत तुमचं रोमन घाला. रविवारी मीही येते, तिथेच ठरवू.

पुणे_टू_इंदूर

'अहल्या' की 'अहिल्या' ते राहिलंच.

हिशेबवही

फोल्डरचं नाव 'जयंती_मे' ठेवलंय.