एस्केप आणि एस्केप फ्रॉम यात फरक काय? आणि या शब्दाचे अर्थ तरी किती?

सटरफटर
मंडळी एक मदत हवी होती. बातम्या मराठीतून इंग्रजीत करायचं काम करते मी आणि कालपासून एका वाक्यावर आमच्या टीममध्ये नुसता काथ्याकूट चाललाय. वाक्य साधंच आहे, "अपघातातून तिघे बालंबाल बचावले". एकाचं म्हणणं "एस्केप्ड फ्रॉम द अ‍ॅक्सिडेंट" लिही, दुसरी म्हणते फ्रॉम काढ, नुसतं "एस्केप्ड द अ‍ॅक्सिडेंट" कर, तिसरा म्हणतो एस्केप शब्दच नको, ते काय तुरुंगातून पळाले का. डिक्शनरी उघडली तर अर्थांची ही भलीमोठी रांग, कैदी एस्केप होतो, गॅस एस्केप होतो, माणसाचं नावसुद्धा एस्केप होतं, कीबोर्डवरचं बटण ते आणखी वेगळंच. फ्रॉम कधी लावायचं याला काही नियम आहे का की सगळं पाठच करायचं? आणि त्या बटणाचा पळून जाण्याशी काय संबंध तेही कोणाला माहीत असेल तर सांगा, कुतूहल म्हणून.

उंटावरची शहाणी
नियम आहे आणि बऱ्यापैकी सरळ आहे. माणूस त्या गोष्टीच्या आत अडकला होता का, एवढंच आधी बघायचं. अडकलेला होता आणि बाहेर पडला तर फ्रॉम. तुरुंग, पिंजरा, जळतं घर, पहारेकऱ्यांची तावडी, सगळीकडे फ्रॉम. आग्र्याहून सुटका घ्या ना, १६६६ ची, महाराज नजरकैदेत होते आणि तिथून निसटले, म्हणून "एस्केप्ड फ्रॉम आग्रा". याउलट जी गोष्ट अंगावर येत होती पण आलीच नाही, तिथे फ्रॉम लागत नाही. "एस्केप्ड पनिशमेंट" म्हणजे शिक्षा झालीच नाही, "एस्केप्ड डेथ" म्हणजे मरता मरता वाचला.

खरी मजा एकाच शब्दाला दोन्ही लावून बघितलं की कळते. "ही एस्केप्ड फ्रॉम प्रिझन" म्हणजे पठ्ठ्या आत होता, पळाला, आता पोलीस मागावर आहेत. "ही एस्केप्ड प्रिझन" असं बिनफ्रॉमचं कोर्टाच्या बातमीत दिसलं तर बहुतेक वेळा अर्थ असा की दंडावर किंवा ताकीद देऊन सोडला, तो आत गेलाच नाही. म्हणजे माणूस फरार आहे की घरी निवांत चहा पितोय हे त्या एवढ्याशा फ्रॉमवर. आता हल्ली पळून जाण्याच्या अर्थानेही फ्रॉम सर्रास गाळतात, त्यामुळे वाचताना संदर्भ बघावा लागतो, पण लिहिताना आपण कशाला घोळात भर घालायची.

तुमच्या वाक्याचं म्हणाल तर तुमचा तिसरा अर्धा बरोबर आहे. एस्केप चालतं, पण कशातून ते बदलायला हवं. अपघात झाला ना? मग "एस्केप्ड द अ‍ॅक्सिडेंट" कसं, ते म्हणजे अपघातच टळला. आणि "फ्रॉम द अ‍ॅक्सिडेंट" म्हणावं तर अपघात ही काही कोंडून ठेवायची खोली नाही. हुकला तो मृत्यू, नाहीतर दुखापत. म्हणून "नॅरोली एस्केप्ड डेथ", किंवा कोणाला काहीच लागलं नसेल तर "एस्केप्ड अनहर्ट", थोडंफार खरचटलं असेल तर "एस्केप्ड विथ मायनर इंज्युरीज". "हॅड अ नॅरो एस्केप" पण छान. पण हातपाय मोडून दवाखान्यात पडले असतील आणि जीव वाचला असेल तर मात्र सरळ "सर्व्हाइव्ह्ड". मराठीतलं "बचावले" या सगळ्यांना पोटात घेतं, इंग्रजी घेत नाही, तेव्हा मूळ बातमीत लागलं किती ते आधी शोधा.

अजून एक, एस्केपच्या पुढे क्रियापद आलं की आयएनजी. "एस्केप्ड बीइंग हिट". "एस्केप्ड टू बी हिट" मी छापून आलेलं वाचलंय, डोळे मिटून घेतले.

चष्मिष
फ्ली आणि एस्केप यात पण लोक गल्लत करतात. फ्ली म्हणजे धूम ठोकली एवढंच, पुढे सापडला की सुटला ते कळत नाही. एस्केपमध्ये निसटणं जमलेलं असतं, जमलं नसेल तर "ट्राइड टू" लावा. गेटवरच पकडला गेलेल्याला एस्केप्ड म्हणू नका प्लीज.

कोडगा
बटणाचं मी सांगतो, रोजीरोटीच ती आहे. यात पळणारे आपण नाहीच. १९६० मध्ये आयबीएममधल्या बॉब बेमरने ही कल्पना काढली. तेव्हा प्रत्येक मशीनची अक्षरं साठवायची सांकेतिक पद्धत निराळी, एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. त्याचं म्हणणं असं की एक चिन्ह असं ठेवा की ते आलं की मशीनने समजायचं, नेहमीचा अर्थ आता बाजूला, पुढे येतंय ते वेगळ्या पद्धतीने वाच. म्हणजे नेहमीच्या कोडमधून निसटायचं दार. आस्कीत, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या ठरलेल्या पद्धतीत, त्याचा नंबर २७, आजही तोच आहे. नंतर प्रोग्रॅमवाल्यांनी त्याच बटणाला थांबव, रद्द कर, मागे जा अशी कामं लावली आणि लोकांना वाटायला लागलं की एस्केप म्हणजे इथून पळा. अ‍ॅपलने २०१६ च्या काही मॅकबुक प्रोवर हे बटण काढून वरच्या टचच्या पट्टीत टाकलं होतं, आमच्या लोकांनी असा काही आरडाओरडा केला की २०१९ च्या सोळा इंची मॉडेलवर खरंखुरं बटण परत आलं.

आणि आम्ही हे क्रियापद भलत्याच अर्थाने वापरतो, "तो कोट एस्केप कर". समजा प्रोग्रॅममध्ये एखादं वाक्य दुहेरी अवतरणचिन्हात लिहायचंय आणि त्या वाक्यातच कोणीतरी बोललेलं आलं, म्हणजे आत पुन्हा अवतरणचिन्ह. मशीनला वाटणार वाक्य इथेच संपलं आणि पुढचं सगळं चुकीचं. म्हणून आतल्या चिन्हाच्या आधी एक उलटी तिरपी रेघ द्यायची, बॅकस्लॅश. ती मशीनला सांगते की याचा नेहमीचा अर्थ घेऊ नको, हे नुसतं छापायचं चिन्ह आहे. आता खुद्द बॅकस्लॅशच छापायचा असेल तर? दोनदा लिहायचा. वेबसाइटवर तर हे फारच महत्त्वाचं, कारण कोणी कमेंटच्या डब्यात साध्या मजकुराऐवजी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, टाइप केली आणि साइटने ती एस्केप न करता तशीच पानावर टाकली तर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ती चालायला लागते. हॅकिंगचा हा जुनापुराणा मार्ग आहे. उलट एकाच गोष्टीला दोनदा एस्केप केलं की पानावर अँडच्या चिन्हाला चिकटून "एएमपी" आणि अर्धविराम असा कचरा दिसतो, बघितला असेल बऱ्याच ठिकाणी. हा कोणाचा तरी उत्साह.

सटरफटर
वा, बटणाचं कोडं सुटलं. आणि शहाणीताई, बातमीत बघितलं, तिघांनाही फक्त खरचटलंय, त्यामुळे मायनर इंज्युरीजवालं घेतलं, टीममध्ये शांतता. पण ते नावाचं राहिलं हो. "नाव एस्केप झालं" म्हणजे "आय एस्केप्ड हिज नेम" का?

उंटावरची शहाणी
नाही नाही, उलटं. "हिज नेम एस्केप्स मी". निसटतं ते नाव, माझ्या हातून. आपल्याला हे अवघड जायला नको खरं तर, आपणही "मला आठवत नाही" म्हणतो त्यात आठवणारी मी कर्ता नसतेच. याच जातीचं "नथिंग एस्केप्स हर", तिच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही. आणि गोष्टीबिष्टींत "अ क्राय एस्केप्ड हर लिप्स" येतं, तिथे तोंडातून किंकाळी पळाली वगैरे लिहू नका, किंकाळी फुटली.

पाटकरी
कोणी कालव्याचं एस्केप सांगितलं नाही म्हणून लिहितो, आयुष्य त्यातच गेलं. कालव्यात पाणी सोडलेलं असतं, खाली शेतांना दिलेलं, आणि मधेच जोराचा पाऊस येतो. शेतांना पाणी नको, लोक आपापली दारं बंद करून घेतात, पण वरून सोडलेलं पाणी तर वाटेत आहेच, ते येतच राहतं. ते जाणार कुठे, काठावरून वाहायला लागलं की भराव खचतो आणि कालवा फुटतो. म्हणून ठरावीक जागी काठातून दार काढून जादा पाणी जवळच्या नाल्यात सोडायची सोय असते, तिला एस्केप म्हणतात. धरणाला सांडवा असतो तसं कालव्याचं हे. अगदी शेवटाला असतो तो टेल एस्केप, आणि साठलेला गाळ धुऊन काढायला असतो तो वेगळा. आमच्यात सगळे एस्केपच म्हणायचे, रात्री अपरात्री "एस्केप उघड रे" अशी हाक आली की पळायचं ते मात्र आम्हीच.

चष्मिष
पाटकरी काका, भारी! घड्याळातही आहे हो हा शब्द. चावीच्या घड्याळात एस्केपमेंट नावाचा भाग असतो. स्प्रिंगचा जोर सगळा एकदम मोकळा झाला तर काटे गरागरा फिरून घड्याळ थांबेल, म्हणून एका दातेरी चाकाला छोटा आकडा अडवून धरतो, लंबकाचा किंवा आतल्या हलत्या चाकाचा झोका आला की एकच दात निसटू देतो आणि लगेच पुढचा अडवतो. ती टिकटिक म्हणजे दात अडल्याचा आवाज. बागेतून निसटून रानोमाळ पसरलेल्या झाडांनाही वनस्पतीवाले एस्केप म्हणतात, घाणेरी हे ठळक उदाहरण, शोभेला म्हणून लावली आणि आता काढता निघत नाही.

कोडगा
मग मुक्तिवेग पण येऊ द्या, एस्केप व्हेलॉसिटी, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून कायमचं निसटायला लागणारा वेग. पृथ्वीवरून सेकंदाला ११.२ किलोमीटर, चंद्रावरून साधारण २.४. दगड फेका नाहीतर हत्ती, वेग तेवढाच लागतो, वजनाचा संबंध नाही. पण रॉकेटला जमिनीवरून सुटतानाच हा वेग लागतो असं बरेच जण समजतात, तसं नाही. हा हिशोब एकदा फेकून दिलेल्या, पुढे ढकलायला कोणी नसलेल्या वस्तूचा, हवेचा अडथळा सोडून. इंजिन चालू आहे तोवर रॉकेट हळूहळू वेग वाढवत जाऊ शकतं.

सटरफटर
बापरे, विचारलं काय आणि आलं काय, सगळं सेव्ह करून ठेवतेय. शेवटचं एक. पळालेल्या कैद्याला एस्केपी म्हणतात ना, दोन ई वाला? पण एम्प्लॉयी म्हणजे ज्याला कामावर ठेवलं तो, ट्रेनी म्हणजे ज्याला शिकवतात तो. मग एस्केपी म्हणजे ज्याला पळवलं तो व्हायला हवा, एस्केपर नको का?

उंटावरची शहाणी
शंका रास्त आहे, एस्केपर असा शब्द आहेही, पण बातम्यांत एस्केपीच रूढ आहे. दोन ई नेहमी सोसणाऱ्यालाच लागतात असं नाही. अटेंडी म्हणजे हजर राहिलेला, रिटायरी म्हणजे निवृत्त झालेला, अ‍ॅब्सेंटी म्हणजे गैरहजर. बसमध्ये उभ्याने जाणाऱ्यांची संख्या लिहिलेली असते ना, स्टँडी, त्याला तरी कोणी उभं केलेलं असतं?

चष्मिष
कंडक्टरने.