दोलोमाइट्समध्ये आठवडाभर: नवरा स्की करणार, लेक शिकणार, आईबाबांचं काय?

सांगलीची_म्युनिकवाली:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत लेकीला सुट्टी आहे, तेव्हा इटलीत दोलोमाइट्समधल्या वाल गार्देना खोऱ्यात जायचं चाललंय. आम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले आईबाबा. नवऱ्याला सेला रोंदाची फेरी करायचीच आहे, ऑफिसात कुणीतरी डोक्यात भरवलंय. मी कशीबशी निळ्या, म्हणजे सोप्या उतारावरून खाली येते. लेकीची पाटी कोरी. आईचा गुडघा दुखतो, शिवाय ती अंडंही खात नाही. तिथल्या गावांपैकी राहायचं सेल्वाला की ओर्तिसेईला? लिफ्टचा पास कुठला घ्यायचा?

इन्सब्रुकची_काकू:
ओर्तिसेई, डोळे मिटून. सेल्वा पक्क्या स्कीवाल्यांचं गाव. आईबाबा तिथे दिवसभर खिडकीत बसतील. ओर्तिसेईत चालायला बाजारपेठ आहे, लाकडावरच्या कोरीवकामाचं म्युझियम आहे आणि गावातूनच आल्पे दी सिउसी या पठारावर जाणारी गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे आहे. पायी फिरणाऱ्यांना जाऊन-येऊन तिकीट मिळतं. वर 2005 मीटरवर दार उघडलं की समोर सासोलुंगोचा डोंगर उभा. बाबांना उन्हात खुर्ची टाकून बसवा, संध्याकाळपर्यंत हलणार नाहीत. हे पठार म्हणजे युरोपातलं उंचावरचं सगळ्यात मोठं कुरण, त्यामुळे उतारही बरेचसे सौम्य. तुमच्यासाठी तेच बरं.

आता तुमचे मिस्टर. सेला रोंदा म्हणजे सेला डोंगराला प्रदक्षिणा, चार खिंडी ओलांडून, लिफ्ट धरून सुमारे 40 किमी. नारिंगी पाट्या घड्याळाच्या दिशेनं, हिरव्या उलट्या. लाल, म्हणजे मध्यम अवघड उतारावर गर्दीतही न डगमगता उतरता येत असेल तरच जावं. सकाळी दहाच्या आत निघायचं आणि साडेतीनच्या आत शेवटची खिंड पार करायची. लिफ्ट बंद झाल्या आणि तुम्ही डोंगराच्या पलीकडे, तर टॅक्सीवाला म्हणेल ते भाडं. ओर्तिसेईहून स्की-बसनं सेल्वाला जाऊन तिथून सुरुवात करता येते.

पास: त्यांना दोलोमिती सुपरस्की लागेल, 12 विभाग आणि सुमारे 1200 किमी उतार त्यात येतात. तुम्ही तो घेऊन काय करणार? वाल गार्देना–आल्पे दी सिउसीचा स्थानिक पास पुष्कळ झाला. तोही पहिल्याच दिवशी आठवड्याचा नको, आधी पाय कसे चालतात ते बघा. लेकीसाठी स्की-शाळेत गटवर्गाची जागा आत्ताच धरा. वर्ग रविवार-सोमवारी सुरू होतात, बुधवारी मधेच घुसवलेलं पोर रडतं.

स्कीचे बूट भाड्यानं घेताना घाई करू नका. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंत येणारा. थंडी वाजेल म्हणून आपल्याकडची माणसं दोन-दोन लोकरीचे चढवतात, मग मोजे दबून बूट सैल होतो नि पिंढरी सोलवटते. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकायला हवीत, गुडघा वाकवला की किंचित मागे सरायला हवीत. टेकलीच नाहीत तर बूट मोठा. दुकानदार "कम्फर्टेबल" म्हणाला तरी लहान मागायचा.

बोझेनचा_विन्या:
काकूंना अनुमोदन. गाडीनं येणार असाल तर शनिवार टाळा. बायर्नमधली फाशिंगची (तिकडच्या कार्निव्हलची) सुट्टी आणि इटलीतला कार्निव्हल एकाच सुमारास येतात, त्यात ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर खिंडीच्या अलीकडे लुएग पुलाचं काम 2025 पासून चालू आहे. ऑस्ट्रियाचा विन्येट (हायवेसाठीचा स्टिकर), ब्रेनर ऑटोबानचा वेगळा टोल आणि इटलीतला आणखी एक, असं तिहेरी देणं. मी तर म्हणेन म्युनिकहून थेट ट्रेननं बोलझानो, साधारण चार तास, पुढे बस. आईबाबांचे पासपोर्ट जवळ असू द्या, सीमेवर तपासतात.

आणि इटलीचे दोन कायदे. 2022 पासून उतारावर उतरणाऱ्या प्रत्येकाकडे, त्याच्या धडकेनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा हवाच. तुमच्या जर्मन हाफ्टप्फ्लिष्टमध्ये, म्हणजे दायित्व विम्यात, तो बहुधा येतो. पॉलिसी वाचून फोनमध्ये ठेवा, नसेल तर पासबरोबर मिळतो. हेल्मेट नोव्हेंबर 2025 पासून मोठ्यांनाही सक्तीचं.

सांगलीची_म्युनिकवाली:
धन्यवाद! ओर्तिसेई नक्की. "डगमगतो का" असं विचारल्यावर नवरा गप्प आहे 😄 आईच्या जेवणाचं सांगा ना. आणि बाबांना लेकीबरोबर स्लेजवर बसायचंय.

इन्सब्रुकची_काकू:
बसू दे की. वरच्या रासिएझाला गावातूनच फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी रेल्वे) जाते, तिकडे स्लेजची वाट आहे. पण त्यांचा प्रवासविमा आधी काढून वाचा, काही पॉलिसींत बर्फातले खेळ चक्क वगळलेले असतात. आणि हेल्मेट त्यांनाही घाला.

आईंसाठी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच घ्या. चूल बहुतेक इंडक्शनची असेल, तर तसा बूड असलेला कुकर न्या. बाहेर कानेदेर्ली नको. त्या पावाच्या गोळ्यांत अंडं असतं, बरेचदा डुकराचं मांस, आणि रस्सा मांसाचा. त्यापेक्षा मशरूम घातलेली पोलेंता मागा, म्हणजे मक्याची उकडच. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा उओवा" (मांस नको, अंडं नको) एवढं पाठ करून ठेवा. लोणच्याची बाटली खिशात असली की पोलेंताही उतरते.

बोझेनचा_विन्या:
लोणचं ट्रेनमध्ये उघडू नका फक्त.