मदत हवी आहे: नऊ आणि पाच, दोघांनाही चालेल असं पुस्तक

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. रात्री जेवणं आटपली की अर्धा तास सगळ्यांनी मिळून वाचायचं, असं जूनपासून ठरवलंय. लेक नऊची, मुलगा पाचचा, दोघं इंग्रजी माध्यमात. आजोबाही आरामखुर्ची ओढून बसतात.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे लेकीला भयंकर आवडला. 'ट्टॉक' तर आता घरात कशालाही चालतं, अगदी भाजी नको असली तरी! पण धाकटा दुसऱ्या पानाला उठून पळतो. त्याला माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' लागतं, रोज तेच. ते ताईला 'बाळांचं' वाटतं. 'श्यामची आई' काढलं, तर आजोबांचाच गळा दाटून आला आणि वाचन तिथेच थांबलं.

तर दोघांना एकत्र धरून ठेवेल असं काय आहे? छोटी प्रकरणं, भरपूर संवाद, थोडा वात्रटपणा. भाषा फार जुनी नको, दर ओळीला अर्थ सांगत बसलं की मजाच जाते. अनुवादितही चालेल.

शनिवारी मराठी ग्रंथ संग्रहालयात जाणार आहे, त्याआधी नावं मिळाली तर बरं.