प्रतिसाद : देणगी आणि नाते

वर्षातून एकदा देणगी पाठवली म्हणजे जंगलाशी कुटुंबाचे नाते टिकते का, हा प्रश्न मला आमच्या घरापुरता तरी ओळखीचा वाटला. आमच्या खानदेशात राष्ट्रीय उद्यान नाही. पण चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा डोंगररांगेत 1986 साली घोषित झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. सुमारे 260 चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रातच पाटणादेवीचे स्थान आहे आणि ती आमची कुलदेवता असल्यामुळे आमचे नाते देवीपासून सुरू झाले, बिबट्यापासून नव्हे.

आजोबांच्या काळी नवस फेडायला गेलेले सगळे कुटुंब झाडाखाली गोवऱ्या पेटवून वरण-बट्टी करत असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. साग-अंजनाचे हे पानगळीचे जंगल फाल्गुनापासून वाळलेल्या पाचोळ्याने भरून जाते, तेव्हा एक ठिणगीही पुरेशी असते, हे वडिलांना जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा) काढणाऱ्या एका वनमजुराने समजावले. तेव्हापासून बट्ट्या घरूनच भाजून नेतो (चव थोडी कमी लागते, हे मान्य), आणि उन्हाळ्यात जाळरेषेवरील मजुरांना जेवण व पाणी पोचवण्याचा खर्च आम्ही चार भावंडे वाटून घेतो.

देणगीला माझा विरोध नाही; मात्र पुढच्या पिढीने एकदा तरी त्या मजुरांसोबत पंगतीला बसावे, असा आमच्या आईचा आग्रह असतो.