वसुलीवाले दारात येऊन घरच्या बायकांना वाट्टेल ते बोलतात, काय करायचं?

साखळीकर
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझ्या थोरल्या भावाने एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन घेतलंय. तो गोव्यात शॅकवर (समुद्रकिनाऱ्यावरचं झोपडीवजा हॉटेल) कामाला, पावसात शॅक बंद म्हणजे पगार बंद, यंदा मधल्या काळात दुसरं काम काही मिळालं नाही आणि हप्ते थकले. बुडवायचे नाहीत, सीझन सुरू झाला की भरतो असं त्याने कंपनीला फोनवर सांगितलंय. पण हे वसुलीवाले ऐकत नाहीत. रात्री साडेनऊ-दहाला फोन, भावाने नाही उचलला तर वहिनीला, तिने नाही उचलला तर मला. परवा दोघं बाईकवरून आले, घरात आई आणि वहिनी दोघीच, आणि अंगणात उभं राहून अख्ख्या वाड्याला (वस्तीला) ऐकू जाईल असं ओरडले, "माटोळी (चतुर्थीला गणपतीवर बांधतात ती फळा-फुलांची सजावट) बांधायला पैसे आहेत, हप्ता भरायला नाहीत?" वर म्हणे वॉरंट निघालंय, उद्या पोलीस घेऊन येतो. आईने तेव्हापासून धड जेवण घेतलेलं नाही. खरंच अटक होते का हो? आणि मी जामीनदार नाही, कागदावर माझी सही नाही, मग मला फोन का?

फोंड्याचा निवृत्त बँकवाला
भाऊ, आधी आईला जेवायला घाला. हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, हे दिवाणी प्रकरण आहे आणि वॉरंट कोर्ट काढतं, रिकव्हरी एजंट नव्हे. फक्त एक बघा, भावाने कंपनीला सही केलेले चेक दिलेत का? चेक बाऊन्स झाला तर चेकच्या कायद्याचं कलम 138 लागतं आणि ते फौजदारी आहे. ऑटो-डेबिट बाऊन्स झालं तरी तशीच तरतूद आहे. त्यामुळे वकिलाची नोटीस आली तर ती फेकून देऊ नका, पैसे भरायला 15 दिवस मिळतात, तेवढ्यात हालचाल करा.
आता एजंटचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात सांगितलंय, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघात अपमान करायचा नाही. दारात आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र पाहिजे. ते मागायचं, मोबाईलवर फोटो काढायचा. नाही दाखवलं तर बोलायचंच नाही. तुमची सही नाही तर तुमच्याकडून एक पैसा मागायचा अधिकार त्यांना नाही.
आणि फोनवर सांगितलेलं काही कामाचं नाही. भावाने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करावा, त्यात पगार कधीपासून बंद, कधीपासून किती भरू शकतो, आणि परवाचा सगळा प्रकार तारीख-वेळेसकट. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही, वकील लागत नाही. चौकशीला 14448 वर फोन करा.

वाळपईची बाय
माझ्या बहिणीचं ॲपवरचं कर्ज होतं, त्यांनी तिच्या फोनमधले सगळे नंबर उचलले आणि तिचा फोटो घाणेरडा करून ऑफिसातल्या लोकांना पाठवला. ती पोर घराबाहेर पडेना. आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि रायबंदरच्या सायबर पोलिसांकडे गेलो, स्क्रीनशॉट सगळे प्रिंट काढून. कर्ज देणाऱ्या ॲपने काँटॅक्ट लिस्टला हात लावायचाच नाही असा नियम आहे, हे आम्हाला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. वहिनीला सांगा, मेसेज एकही डिलीट करू नको, राग आला तरी. आणि लाज आपण का धरायची? कर्ज घेतलंय, चोरी नाही केली.

म्हापसा कोर्टातला
वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय. थोडी भर. जा म्हटल्यावरही अंगणातून न हलता धमकावत राहणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम 351 धमकीचं आणि 329 घरात-आवारात घुसण्याचं. वहिनीला अश्लील बोलले असतील तर कलम 79 पण लागू शकतं, ते शब्द तक्रारीत जसेच्या तसे लिहा, गाळू नका, इथंच बहुतेक तक्रारी लुळ्या पडतात. पोलीस स्टेशनवर लेखी द्या आणि प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. वाड्यावर ज्यांनी ऐकलं त्यातला एकजण सोबत न्या. गुंड पाठवून वसुली चालणार नाही हे सुप्रीम कोर्टाने 2007 सालीच एका बँकेला ठणकावलंय.
वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा. बाईला उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज वहिनीच्याच नावाने करा.

साखळीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेल आज रात्रीच लिहितो. भावाने दोन कोरे चेक सही करून दिलेत असं आत्ता कळलं, त्याचं काय करू?

म्हापसा कोर्टातला
त्याच ईमेलमध्ये चेकचे नंबर लिहा, कोरे आणि फक्त तारण म्हणून दिलेत हे स्पष्ट म्हणा. कर्ज बाकी असल्यामुळे तेवढ्याने 138 टळेलच असं नाही, पण कंपनीने चेकवर भलती रक्कम लिहिली तर हाच ईमेल कामाला येतो. आणि कर्जाच्या कराराची प्रत मागून घ्या, ती देणं त्यांना भाग आहे.