शनिवारच्या भिशीतला सिनेमा

बी-६०४ काकू: काल भिशीला आमच्याकडे 'विकी विद्या का वो वाला व्हिडिओ' लावला होता. ज्यांना यायला जमलं नाही त्या विचारतायत कसा आहे, म्हणून इथेच लिहिते. मला फार वाईट वाटलं. टुकार सिनेमे खूप बघितलेत, त्याचं काही वाटत नाही. पण याची गोष्ट किती चांगली होती! १९९७ चं ऋषिकेश. नवरा विकी मेंदी काढणारा, बायको विद्या डॉक्टर. दोघांनी हौसेने स्वतःच्या पहिल्या रात्रीचं शूटिंग केलं आणि चोराने ती सीडी प्लेअरसकट पळवली. एवढं हातात असताना अडीच तास नुसती पळापळ.

डी-२०१: काकू, आम्ही दोघांनी थिएटरमध्ये बघितला होता, २०२४ च्या दसऱ्याला. पहिला अर्धा तास भरपूर हसलो. राजकुमार राव असल्या छोट्या गावातल्या माणसात मस्त बसतो. अगदीच वाया गेला असं नाही म्हणणार मी.

बी-६०४ काकू: त्याच्याबद्दल तक्रारच नाही रे. विद्याबद्दल आहे. सीडी हरवल्यावर जास्त कोणाचं नुकसान होणार? तिचं ना? गावात दवाखाना तिला चालवायचाय. पण कॅमेरा सारखा त्याच्या मागे. तृप्ती डिमरी बिचारी घाबरायला आणि नटायला. आणि डॉक्टर बायको, मेंदीवाला नवरा, यावरून घरात एकदा तरी खटका उडेल की नाही? पैसे कोणाचे जास्त, पाहुण्यांसमोर तो काय सांगतो, तिच्याबरोबर शिकलेल्या मुली काय बोलतात. मी त्याचीच वाट बघत बसले होते.

ए-५०५ आजी: नातू टाइप करतोय. मी काल होते. माझं लग्न १९६८ सालचं. मी मॅट्रिक, आमचे हे सातवी. लग्नानंतर दोन वर्षं त्यांनी माझ्यासमोर पेपर वाचला नाही, अडखळलो तर मी हसेन म्हणून. मी झोपले की कंदील घेऊन ओट्यावर जायचे. नवराबायकोत असं काही असतं हो. सिनेमात ते पाहिजे होतं. मध्येच भुतं कशाला आणली?

बी-६०४ काकू: आजी 🙏 हे तुम्ही काल बोलला नाहीत.

डी-२०१: भुतांचं खरंय. त्या वर्षी भुताचे सिनेमे जोरात चालत होते, म्हणून घुसडलं असणार. तिथे आमची बायको पण कंटाळली.

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. मंगळवारी सकाळी १० ते १ टाकी साफसफाई आहे. बी आणि सी विंगने पाणी भरून ठेवावे.

सी-३०३ ताई: मला काकूंचा मुद्दा पटला. वकील म्हणून एक सांगते. १९९७ मध्ये या जोडप्याकडे कायद्याचा आधार फार थोडा होता. माहिती तंत्रज्ञान कायदा आला २००० साली. खासगी अवयवांची चित्रं चोरून काढणं, पसरवणं यासाठीचं त्यातलं कलम ६६ई त्याच्याही नंतर, २००८ च्या दुरुस्तीत. भारतीय दंड संहितेत बाईला चोरून बघणं, तिचं चित्रण करणं याविरुद्धचं कलम ३५४सी आलं २०१३ मध्ये. तोपर्यंत अश्लील साहित्याची जुनी कलमं होती, आणि ती लावायला गेलं तर आधी शूटिंग करणाऱ्या जोडप्याकडेच बोट वळायचं. म्हणजे विद्या पोलिसात गेली असती तर तिलाच उत्तरं द्यावी लागली असती. केवढी मोठी भीती आहे ही! सिनेमाने पोलीस आणला तो विजय राज, आणि त्याला दिलं काय, तर विकीच्या बहिणीबरोबरचं प्रेमप्रकरण.

बी-६०४ काकू: आणि आता? माझी मुलगी हॉस्टेलला आहे म्हणून विचारते.

सी-३०३ ताई: आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. त्यात स्पष्ट लिहिलंय की चित्रणाला बाईची संमती होती पण ते दुसऱ्याला दाखवायला नव्हती, तर पसरवणं हा गुन्हा. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. 'तू शूटिंग करू का दिलंस' हा प्रश्न कोणी विचारला तरी तिची तक्रार त्यामुळे मोडत नाही. मुलीला एवढं नक्की सांगा. आणि तसं काही घडलंच तर रडत बसून मेसेज डिलीट करायचे नाहीत. स्क्रीनशॉट ठेवायचे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची. पैसे उकळले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन.

डी-२०१: पण ताई, शेवटी विकीचं भाषण आहे ना यावर.

सी-३०३ ताई: आहे. पण दोन तास त्याच सीडीवर चावट विनोद करून शेवटी भाषण दिलं तर ऐकणार कोण? माझी हरकत चावटपणाला नाही. नवराबायकोचा चावटपणा सुंदर दाखवता येतो. 'दम लगा के हैशा' बघा. तेही जवळच, हरिद्वारला, आणि १९९५ सालचं. कॅसेटच्या दुकानातला कमी शिकलेला नवरा, बी.एड. झालेली बायको, त्याला ती नको असते. त्यात त्यांच्या रात्रीसुद्धा आहेत, पण आपण हसतो ते त्या दोघांच्या अवघडलेपणाला, आणि तिचा अपमान झाला की आपल्यालाही लागतो. इथे विद्याचं मला काहीच लागलं नाही.

ए-१०२ काका: उशिरा वाचलं. माझं सांगलीला लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं, १९९१ ते २००४. त्या काळात आमच्याकडे सगळं व्हीएचएस कॅसेटवर. सीडी फार पुढे आली, आणि तीही ७४ मिनिटांची, लग्न दोन सीडींवर जायचं. ते असो.

ए-१०२ काका: आम्ही कॅमेरा भाड्यानेही द्यायचो. ९८ च्या सुमारास एक नवीन लग्न झालेला मुलगा दोन दिवसांसाठी घेऊन गेला. परत केला तेव्हा कॅसेट आतच राहिली. माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्याची बायको शटरपाशी उभी. एकटी. तो आला नव्हता. काही बोलेना, नुसती कॅमेऱ्याच्या कपाटाकडे बघत होती. मी कपाट उघडून कॅसेट काढली आणि तिच्या हातात दिली. तिने ती तिथेच उभं राहून फोडली, फीत बोटांनी ओढून ओढून सगळी बाहेर काढली. मग मला विचारलं, "काका, रात्री दुकानात कोण झोपतं?"

बी-६०४ काकू: तुम्ही काय सांगितलंत?

ए-१०२ काका: कोणी झोपत नाही म्हणालो. तेच खरं होतं. पण तिला पटलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्या दिवसापासून कॅमेरा परत आला की गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचा, असा नियम केला. दुकान बंद होईपर्यंत पाळला.

सी-३०३ ताई: काका, सिनेमा इथून सुरू व्हायला हवा होता.

ए-५०५ आजी: नवरा का नाही आला तिचा?